वाळू दळणारा पोपटमासा

मालदीवच्या प्रवाळांत स्कूबाचा रेग्युलेटर तोंडात धरून उतरलं, की आपल्याच बुडबुड्यांआडून करकर ऐकू येते. तो पोपटमासा! चोचीसारख्या दातांनी तो खडक खरवडतो. त्याला हवं असतं वरचं शेवाळ आणि आत दडलेले सूक्ष्मजीव. घशातल्या दुसऱ्या दातांचं जातं चुनखडी दळतं आणि ती पांढरी वाळू होऊन विष्ठेतून बाहेर पडते. मोठा मासा वर्षाला शेकडो किलो वाळू घडवतो. मालदीवमधल्याच वक्कारू बेटाभोवतीच्या नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू याच माशांची, असं २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. बेटं उभी राहतात ती यावर! शिवाय शेवाळ हटल्यानं प्रवाळांच्या अळ्यांना रुजायला जागा मिळते. मला हे काम वाळूहूनही मोलाचं वाटतं. कॅरिबियन समुद्राकाठच्या बेलीझनं २००९ साली पोपटमाशांच्या मासेमारीवर बंदी घातली, ते फार योग्य केलं.