मे महिन्यातली कराडची धावपट्टी

पलूसच्या घरात बसून फ्लाइट सिम्युलेटरवर सेस्ना १७२ शेजारच्या कराडच्या धावपट्टीवर उभं करता येतं. महिना मे निवडा, पारा चाळिशीला न्या. पडद्यावरचे डोंगर आणि ढग हुबेहूब दिसतील, पण त्यावर भुलू नये. विमान खरं की खेळण्यातलं, हे हवेची घनता सांगते.

समुद्रसपाटीला १५ अंशांवर घनमीटरभर हवा १.२२५ किलो भरते. कराड साडेपाचशे मीटरांच्या वर. तिथे चाळीस अंशांत तीच जेमतेम १.०५ किलो. म्हणजे चौदा टक्के तूट. विमानाच्या लेखी ते पंधराशे मीटरांवर उभं आहे! तेवढंच वजन उचलायला वेग आठ टक्के जास्त लागतो, त्यात इंजिनही विरळ हवेत दमतं. धाव एक तृतीयांशाहून अधिक लांबते. गंमत म्हणजे वेगाचा काटा उड्डाणाच्या क्षणी नेहमीचाच आकडा दाखवतो, कारण तो समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. जमीन मात्र जास्त वेगानं मागे पळते. सिम्युलेटरमधल्या विमानाच्या मॉडेलमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम घडायला हव्यात. जानेवारीच्या पहाटे आणि मेच्या भर दुपारी धाव सारखीच निघाली, तर ते मॉडेल खुशाल बाद करावं.

हे गणित करायच्या दोन वाटा. फ्लाइटगिअर या मोफत मिळणाऱ्या सिम्युलेटरमधलं जेएसबीसिम तक्ते वाचतं: पंख वाऱ्याशी अमुक कोनात असेल तर उचल किती, अवरोध किती. हा हिशेब सेकंदाला १२० वेळा होतो. आकडे वातबोगद्यातले किंवा प्रत्यक्ष उड्डाणातले असतात. स्टॉलपलीकडे, म्हणजे पंखाची उचल ढासळून विमान गिरक्या घेऊ लागलं की, ते विरळ होतात. तिथे बरीच मॉडेलं अंदाजपंचे चालतात.

दुसरी वाट एक्स-प्लेन या सिम्युलेटरची: तो पंखाचे तुकडे पाडून प्रत्येकावरचं बल काढतो. ही युक्ती विमानाहून जुनी: विल्यम फ्रूडनं १८७८ मध्ये जहाजाच्या पंख्यासाठी मांडलेली. पलूस तालुक्यातल्याच किर्लोस्करवाडीत पंपांची पाती आखणाऱ्याला ती परकी वाटणार नाही. अडचण अशी की एका तुकड्याला शेजारच्याची खबर नसते. पंखानं ढवळलेली हवा शेपटीवर आदळते, ती वेगळी धरावी लागते. एवढं करूनही वैमानिक ‘नाक जड वाटतंय’ म्हणाला, की पुन्हा आकडे हलवायला बसायचं.