वाचलेला घास कुणाचा?

राखेचा बुधवार आला की वसईतल्या लग्नांचे बँड थांबतात. त्याआधी आठवडाभर गावोगाव मांडव, रात्री उशिरापर्यंत नाच, इंद्याल या मांसाच्या पदार्थाचा घमघमाट. आणि बुधवारी सकाळी त्याच माणसांच्या कपाळावर राखेचा क्रूस. ही राख गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी घरोघरी नेलेल्या आशीर्वादित झावळ्या जाळून केलेली असते. त्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत वेदीवर फुलं नाहीत, धर्मगुरूंचा झगा जांभळा, मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, आलेलुया नाही. आम्ही कॅथलिक याला प्रायश्चित्तकाळ म्हणतो. दिवस चाळीस, पण मधले रविवार त्यात धरत नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस.

मी मुंबईच्या एका इस्पितळात परिचारिका होते. डबा खाताना मैत्रिणी हमखास विचारायच्या, "तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का गं?" चालतो की. भातही चालतो, चपातीही. आमच्यात उपासाचे असे वेगळे पदार्थच नाहीत. कॅथलिकांना सक्तीचे उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार. एक वेळ पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि ते दोन्ही मिळून पूर्ण जेवणाइतकं व्हायला नको. वयाची मर्यादा 18 ते 59. या दोन दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य, तेही चौदा वर्षांवरच्यांना. आजाऱ्यांना, गरोदर बायकांना सूट. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये सहसा असा बांधलेला नियम नसतो. तिथे एखादं संकट आलं, मोठा निर्णय घ्यायचा असला की मंडळी मिळून उपास-प्रार्थना ठेवते.

आमच्यात मासळीला मात्र बंदी नाही. अर्णाळा, पाचूबंदर, नायगाव अशी कोळीवाड्यांची रांग जवळ असताना शुक्रवारी मटणाऐवजी ताटात तळलेलं पापलेट आलं, तर त्याला मी तरी उपास म्हणणार नाही. नियम पाळला जातो, हेतू ताटाखाली राहतो.

हेतू मी शिकले तो आईच्या हाताकडे बघून. प्रायश्चित्तकाळातल्या शुक्रवारी ती नेहमीसारखी मापट्याने तांदूळ घ्यायची, सुपात ओतायची आणि मग घरात जितकी माणसं तितक्या मुठी परत उचलायची. त्या मुठी तांदळाच्या मोठ्या डब्यात जात नसत. चुलीमागच्या फळीवर डालडाचा एक पिवळा डबा असायचा, त्यात पडायच्या. शनिवारी संध्याकाळी तो डबा घेऊन आम्हा पोरांपैकी एकाने वाडीपलीकडच्या एका म्हातारीकडे जायचं, तिच्या टोपात तांदूळ ओतायचे आणि काही न बोलता परत यायचं. "कुणी पाठवले" हे सांगायचं नाही, असा आईचा दंडक. आणि शुक्रवारी सकाळी आमच्या डोक्याला ती खोबरेल जरा जास्तच चोपडायची. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, असं येशूने सांगितल्याचं मत्तयच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आहे. आईने ते शब्दशः घेतलं होतं. त्याच अध्यायात येशू आधी दानधर्माबद्दल बोलतो, मग प्रार्थनेबद्दल, मग उपासाबद्दल. तिन्हींना एकच अट: हे माणसांना दाखवायला करू नका, पित्याला दिसतं तेवढं पुरे.

मग उपाशी राहून देवाला काय मिळतं? काही नाही. माणसाला मिळतं. येशू चाळीस दिवस रानात उपाशी राहिला, तेव्हा सैतानाने पहिली लालूच दाखवली ती दगडांच्या भाकरी करण्याची. ते सामर्थ्य असून त्याने वापरलं नाही. भूक खरी होती, पण तिचा हुकूम त्याने मानला नाही. मला उपासाचं मर्म इथे वाटतं. एरवी भूक लागली की आपण खातो, राग आला की बोलतो, हवंसं वाटलं की घेतो, आणि या सगळ्याला स्वातंत्र्य समजतो. एका साध्या जेवणाला "आज नको" म्हणता आलं, की आतली ती ओढ किती जबरदस्त आहे हे तरी कळतं. आणि ते कळल्यावर प्रार्थना वेगळी होते. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही क्रुसाची वाट करतो, येशूच्या दुःखसहनाची चौदा स्थानं. प्रत्येक स्थानापाशी गुडघे टेकायचे, उठायचं, पुढे जायचं. पोट रिकामं असलं की सातव्या-आठव्या स्थानापाशी पाय थरथरायचे. तिथे मला माझ्या मागण्यांची यादी आठवायची नाही. वॉर्डातले चेहरे आठवायचे. नुसती भूक सोसली आणि प्रार्थना केली नाही, तर ती वजन कमी करण्याची खटपट ठरते, आणि प्रार्थनेला कसलीच झळ लागली नाही, तर ती पाठांतर होऊन बसते.

उपास नुसत्या पोटाचा नाही, हे फार पूर्वीच सांगितलं गेलंय. रोमन साम्राज्यातल्या अंत्युखिया शहरात 387 साली लोकांनी करवाढीच्या रागात सम्राटाचे पुतळे पाडले. आता शिक्षा होणार म्हणून सगळं शहर भेदरलं होतं, आणि तो उपासकाळच होता. जॉन क्रिसोस्तम हे धर्मगुरू तेव्हा लोकांना प्रवचनं देत होते. तोंडाबरोबर डोळ्यांनी, कानांनी, हातापायांनीही उपास करावा, असं त्यांनी सांगितलं. कोंबडी आणि मासळी सोडून माणूस आपल्या भावाचेच लचके तोडत असेल तर त्या उपासाचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल होता.

त्यांच्याही कितीतरी शतकं आधीचा यशया संदेष्टा याहून कडक आहे. त्याच्या ग्रंथाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात लोक देवाकडे तक्रार करतात: आम्ही उपास करतो, तुझं लक्ष कसं जात नाही? उत्तर येतं की उपासाच्या दिवशीच तुम्ही आपल्या मजुरांना पिळून काढता. मला हवा तो उपास म्हणजे दडपलेल्यांना मोकळं करणं, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणं, उघड्याला वस्त्र देणं. हा भाग प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवसांतच मिस्सात वाचला जातो. दरवर्षी ऐकताना मी अस्वस्थ होते. आमच्या वाड्यांमधली केळी आणि फुलं ज्यांच्या हातांनी उभी राहतात, त्या बहुतेक आदिवासी बाया. मालकीण शुक्रवारी उपाशी आणि खुडणारीची मजुरी दोन आठवडे थकलेली, हे मी माझ्या गावात पाहिलंय. त्या उपासाबद्दल यशयाने जे म्हटलंय त्यापेक्षा सौम्य शब्द माझ्याकडे नाहीत.

आता वयाने मी नियमातून सुटले आणि मधुमेहामुळे तर डॉक्टरांनीच उपाशी राहायला बंदी केली आहे. सुरुवातीला जेवणाचं ताट पुढे घेताना अपराधी वाटायचं. आमच्या धर्मगुरूंनी समजावलं, की वेळेवर जेवणं हीच तुमची आज्ञाधारकता. सोडायचं असेल तर दुसरं काही सोडा. मी संध्याकाळच्या मालिका सोडल्या. तो वेळ शेजारच्या गल्लीतल्या, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या बाईंना देते. त्यांचे केस विंचरते, कूस बदलून देते, पाठीला पावडर लावते. त्यांना बोलता येत नाही, म्हणून माळेची प्रार्थना मी मोठ्याने म्हणते आणि त्या मणी सरकवतात. चर्चमधून मिळालेली पुठ्ठ्याची पेटी टेबलावर असते. मालिका बघताना जो चिवडा-फरसाण लागायचा, त्याचे पैसे तिच्यात पडतात आणि पवित्र आठवड्यात पेटी चर्चमध्ये परत जाते. आमच्या वाडीत तगर खुडायला येणाऱ्या बाईची मजुरी मात्र मी त्या पेटीच्या हिशेबात धरत नाही. ती तिची तिला त्याच दिवशी संध्याकाळी मिळते, सण असो वा उपास.