उघड्या भोकांची बासरी की झाकलेल्या भोकांची?

रेडिओवर विलायती वाद्यवृंद लागला की त्यात एक चांदीसारखी चकाकणारी आडवी बासरी असते. ती दिसत नाही, ऐकू मात्र येते. तिला फ्लूट म्हणतात. एखाद्या शाळेला कुणी माजी विद्यार्थी अशी फ्लूट भेट देतो, किंवा संगीताची आवड असलेला शिक्षक शहरातून जुनी विकत आणतो, आणि मग प्रश्न उभा राहतो. दुकानदार विचारतो, "ओपन होल देऊ का क्लोज्ड होल?" दोन्ही फ्लुटा दिसायला सारख्याच. फरक एवढाच, की एकीच्या पाच चाव्यांना मधोमध भोक आहे, दुसरीच्या चाव्या बशीसारख्या सपाट आहेत. आता यातली कुठली घ्यायची?

उत्तर देण्याआधी आपली बांबूची बासरी हातात घेऊ या. तिला फुंकेचे एक भोक आणि बोटांची सहा भोके. वरची तीन झाकली की षड्ज, दोन झाकली की रिषभ, एक झाकले की गंधार. शुद्ध मध्यमासाठी पहिले भोक अर्धेच झाकायचे, आणि सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम. हे अर्धे झाकणे म्हणजेच बासरीचे मर्म आहे, बरं का! बोटाची कातडी मऊ असते, ती भोकाच्या कडेवरून हळूहळू सरकते आणि स्वर न तुटता एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. हीच आपली मींड. सगळी भोके उघडी आहेत आणि बोट थेट भोकावर आहे म्हणूनच हे साधते. पन्नालाल घोष (१९११ ते १९६०) यांनी सुमारे ३२ इंच लांबीची मोठी बासरी मैफलीत आणली आणि ख्यालातली संथ आलापी बांबूतून करून दाखवली, ती याच उघड्या भोकांच्या जोरावर.

मग विलायतेत चाव्या आल्या कशासाठी? बोटांनी भोके झाकायची तर ती बोटे पोचतील तिथेच पाडावी लागतात, आणि बोटाने झाकतील एवढीच ठेवावी लागतात. पण स्वर नेमका यायचा तर भोक कुठे हवे हे नळीतल्या हवेचा नियम ठरवतो. त्याला आपल्या पंजाची फिकीर नसते. म्युनिकचा थिओबाल्ड बोम हा सोनारकाम जाणणारा बासरीवादक. १८३१ साली लंडनला त्याने चार्ल्स निकल्सन नावाच्या वादकाला ऐकले. त्याच्या बासरीची भोके मोठी होती आणि आवाज भरदार. बोम घरी परतला तो हाच ध्यास घेऊन. १८३२ साली त्याने एक सुधारलेली बासरी केली, पण त्याचे समाधान झाले नाही. १८४७ साली त्याने सरळ नळीची नवी बासरी काढली. तिची भोके नळीच्या व्यासाच्या जवळजवळ पाऊणपट, म्हणजे तेरा-चौदा मिलिमीटरची. एवढे मोठे भोक कुणाच्या बोटाने झाकणार? म्हणून त्यावर झाकणे आली, झाकणांखाली नमद्याच्या पातळ गाद्या आल्या, आणि ती झाकणे दांड्या-कमानींनी एकमेकांना जोडली गेली. उजवा अंगठा वाद्य तोलतो, उरलेली नऊ बोटे सोळाच्या आसपास भोकांचा कारभार पाहतात. आजची फ्लूट थोड्याफार फरकाने हीच आहे.

पुढे पॅरिसच्या कारागिरांनी यातल्या पाच झाकणांना मधे भोक ठेवले. डाव्या हाताचे मधले बोट आणि अनामिका, उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका, ही ती पाच बोटे. झाकण दाबले की कड बंद होते, पण मधले भोक बोटानेच बुजवावे लागते. ही उघड्या भोकांची फ्लूट. ज्यांनी सपाट झाकणे ठेवली त्यांची ती झाकलेल्या भोकांची. फ्रेंच वळण आणि जर्मन वळण म्हणा हवे तर.

आता लाभ-हानीचे बोलू. उघडीच्या बाजूने पहिली गोष्ट अशी की झाकण दाबून ठेवून त्याच्या भोकावरून बोट हळूच सरकवले तर स्वर थोडा चढतो. आपल्या मींडेची थोडीशी चव तिथे मिळते. सपाट झाकणावर ते होत नाही. ते अर्धवट दाबले तर स्वर नुसता फसफसतो. अलीकडच्या पाश्चात्य रचनांत श्रुतीसारखे मधले स्वर मागितलेले असतात, त्यांनाही उघडी भोके लागतात. दुसरी गोष्ट, बोट जागेवर नसेल तर स्वर येतच नाही, म्हणून हाताला शिस्त लागते.

पण हीच शिस्त लहान मुलाच्या मुळावर येते. एका शाळेत बारा वर्षांची एक मुलगी मी पाहिली. फुंक चांगली, कान तयार, पण खालचे स्वर काही केल्या निघेनात. नुसता वारा! दोन महिने झाले, आणि "हिला जमायचं नाही" असा निकाल लागायच्या बेतात होता. पोरगीही वाद्याची पेटी उघडायला नाखूश असे. पाहिले तर फ्लूट उघड्या भोकांची, आणि तिची डावी अनामिका भोकाच्या एका कडेलाच पोचत होती. केसाएवढी फट राहिली तरी खालचा स्वर कोसळतो. त्या भोकात बूच बसवले आणि दहा मिनिटांत स्वर आला. दोष मुलीचा नव्हता, वाद्याचा निवाडा चुकला होता.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींनो, नव्या विद्यार्थ्यासाठी, आणि पाच-सहा मुलांनी एकच वाद्य आळीपाळीने वाजवायचे असेल तर नक्कीच, झाकलेल्या भोकांची फ्लूट घ्या. तीही अशी पाहा, की डाव्या अनामिकेची चावी इतरांच्या सरळ रेषेत नसून जरा बाहेर सरकलेली आहे. लहान हाताला ती सोयीची पडते. भेट म्हणून उघडीच आली असेल तर खंत नको. त्या पाच भोकांसाठी छोटी बुचे मिळतात. पाचही बसवा, की काम भागले.

"उघडीचा आवाज अधिक मोकळा असतो" असे दुकानात हटकून ऐकाल. मला ते पटत नाही. बोट ठेवले की दोन्हींची भोके सारखीच बंद. चावी उचलली की झाकणाखालून हवा दोन्हींकडून सुटते. फरक असलाच तर अगदी थोडा. आवाज घडतो तो फुंकेच्या भोकाच्या कडेला आणि वाजवणाऱ्याच्या ओठांवर. चांदीच्या नळीचेही तेच. १९७१ साली जॉन कोल्टमन या अमेरिकन संशोधकाने चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या एकसारख्या नळ्या ऐकवल्या, तर ऐकणाऱ्यांना आवाजावरून त्या ओळखता आल्या नाहीत. तेव्हा चकाकीला भुलून जास्त दाम मोजू नका.

जुनी फ्लूट घेताना भोकांपेक्षा गाद्या तपासा. पातळ कागदाची चिटोरी गादीखाली ठेवा, चावी हलकेच मिटा आणि कागद ओढा. सगळीकडून सारखाच अडकला तर गादी चांगली. एका बाजूने सहज निसटला तर तिथून हवा गळते. कोकणात पावसाळ्यात दमट हवेने गाद्या फुगतात, हे ध्यानात असू द्या. वाजवून झाल्यावर काडीला मऊ फडके गुंडाळून नळी आतून कोरडी करावी आणि मगच पेटीत ठेवावी.

आणि विद्यार्थ्याला राग-संगीतच वाजवायचे असेल तर? मग या चाव्यांच्या भानगडीत पडूच नका. फ्लुटीच्या किमतीचा अगदी लहानसा अंश खर्चून लांब पेराच्या बांबूची, नीट सुरात लावलेली बासरी येते, आणि तिची सहाच्या सहा भोके उघडी असतात. मात्र सुरुवातीलाच ३० इंची बासरी मुलाच्या हाती देऊ नका, बोटे ताणून दुखतील. त्याची बोटे सहज पोचतील अशी आखूड घ्या. बोटाचे टोक न टेकवता पेराचा मांसल भाग भोकावर आडवा ठेवायला शिकवा.

बुचे बसवलेल्या फ्लुटीचे एक सांगायचे राहिले. खालचे स्वर स्थिर झाले की एकच बूच काढा, उजव्या तर्जनीचे. ते बोट बहुतेकांचे नीट बसते. आठ-पंधरा दिवस तसे वाजवू द्या, मग दुसरे काढा. डाव्या अनामिकेचे बूच सगळ्यांत शेवटी. आणि ते वर्षभर निघालेच नाही तर राहू द्या तसेच.