टीव्हीमागचा राऊटर

टीव्हीच्या मागे, नाहीतर चपलांच्या कपाटावर धूळ खात एक डबी रात्रंदिवस लुकलुकत असते. ‘नेट गेलं’ अशी ओरड झाली की घरच्यांना तिची आठवण होते आणि तेव्हाही कुणीतरी तिचं बटण बंद-चालू करून निघून जातं. या राऊटरची नीट ओळख करून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण इंटरनेट समजून घ्यायला इतकी जवळची जागा दुसरी नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय हा फोन आणि राऊटर यांच्यामधला रेडिओलहरींचा, घरापुरता टप्पा. घरातली यंत्रं मिळून जे छोटं जाळं तयार होतं, ते लॅन. बाहेरचं जग सुरू होतं ते राऊटरला येऊन मिळणाऱ्या तारेपासून. म्हणूनच फोनवर वायफायच्या सगळ्या काड्या भरलेल्या असतात आणि तरी एक पान उघडत नाही.

फोन वायफायला जोडला की राऊटर त्याला एक आयपी पत्ता देतो, तोही ठरावीक मुदतीसाठी. पत्ते वाटण्याच्या या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता असतो 192.168.1.5 असा काहीतरी. आणि अगदी हाच पत्ता या क्षणी सांगलीतल्या, नागपुरातल्या, लंडनमधल्या असंख्य घरांत वापरात असतो!

हे कसं चालतं? आयपीची चौथी आवृत्ती 1981 साली ठरली तेव्हा पत्ता 32 बिटांचा ठेवला गेला. त्यातून जेमतेम 429 कोटी पत्ते निघतात. जगाची लोकसंख्या तेव्हाही याहून जास्त होती. मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी 2011 मध्ये वाटून संपले. तरीही जाळं वाढतच राहिलं, याचं मोठं श्रेय नॅट या युक्तीला आहे. 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, ते घराबाहेर चालत नाहीत. बाहेरच्या जगाला सगळ्या घराचा मिळून एकच पत्ता दिसतो. कुठल्या फोनने कुणाकडे काय मागितलं, याची नोंद राऊटर पोर्ट क्रमांकासह ठेवतो आणि उत्तर आलं की नोंद पाहून ते नेमक्या फोनकडे वळवतो. मुलगी अभ्यासाचा व्हिडिओ बघते आहे, आजोबा भजन ऐकताहेत, तरी एकाचं दुसऱ्याकडे जात नाही. मला तरी राऊटरचं सगळ्यात सुंदर काम हेच वाटतं. आता पत्त्यांची टंचाई इतकी आहे की अनेक कंपन्या कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता देतात. घरच्या कॅमेऱ्याशी बाहेरून थेट जोडणी करता येत नाही, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. कायमचा उपाय म्हणजे 128 बिटांची आयपी आवृत्ती सहा. तिच्या वापरात भारत आज जगात आघाडीवर आहे.

माहिती जाते ती तुकड्यातुकड्यांनी, पॅकेटांमधून. एका पॅकेटात साधारण 1500 बाइट मावतात, म्हणजे तीन एमबीच्या फोटोची दोन हजारांच्या आसपास पॅकेटं होतात. ती क्रमाने लावणं आणि हरवलेली पुन्हा मागवणं हे टीसीपीचं काम. विंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 साली त्याची मांडणी केली. प्रत्येक पॅकेटावर एक आकडा असतो आणि वाटेतला प्रत्येक राऊटर तो एकाने कमी करतो. शून्य झालं की पॅकेट टाकून दिलं जातं. रस्ता चुकलेली पॅकेटं जाळ्यात कायमची फिरत राहू नयेत, म्हणून ही सोय.

राहिलं डीएनएस. आपण नाव टाकतो, यंत्राला आकडा लागतो; नावावरून आकडा शोधून देणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 साली ही व्यवस्था आखली. त्याआधी सगळी नावं एकाच फाइलीत ठेवली जात.

एवढं कळलं की नेट गेल्यावर अंदाज बांधता येतो. फायबरच्या डबीवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला असेल, तर तारेतून प्रकाशच येत नाही, तिथे बंद-चालू करण्यात वेळ न घालवता थेट केबलवाल्याला फोन करावा. दिवे ठीक आहेत, 8.8.8.8 अशा आकडी पत्त्याला पिंग केलं, म्हणजे चाचणीचा छोटा संदेश पाठवला, तर उत्तर येतं, पण नावाने एकही साइट उघडत नाही, तेव्हा डीएनएस तपासावं.

आणि एक काम मात्र आजच करा. राऊटर उलटा करून खालचा स्टिकर पाहा. त्यावर छापलेला अॅडमिन पासवर्ड अजून तोच असेल, तर तो बदला. घरातली सगळी ये-जा या डबीतूनच होते.