कोऱ्या जागेचा अर्थ

वसईतल्या आमच्या वंशावळीत पणजोबांच्या आईची जागा कोरी आहे. ते पुण्याच्या एका आश्रयगृहातून आले, एवढेच घरात सांगत. दप्तरात तिचे नाव सापडेल, असे मला वाटले होते. पण १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते विधवांना गुपचूप बाळंत होता यावे म्हणूनच. नाव न फुटणे हेच तिथले अभय. त्यामुळे माग आईचा नव्हे, मुलाचा काढावा लागतो : दत्तकपत्र, मृत्युपत्र, शाळेचा दाखला. काशीबाईंच्या यशवंताला फुल्यांनी दत्तक घेतले, १८८७च्या मृत्युपत्रात वारस केले. म्हणून काशीबाई आपल्याला ठाऊक आहेत. पणजोबांच्या दाखल्यावर फक्त पालकाचे नाव निघाले. ती जागा आता मी कोरीच ठेवली आहे. तिला कुणीतरी दिलेला शब्द तिथे पाळला गेला आहे.