घरगुती संगणकजाळ्यातील वैयक्तिक फायरवॉलचे इशारे : अर्थ, निदान आणि निर्णय

सारांश :
वैयक्तिक फायरवॉलचा इशारा हा हल्ल्याचा पुरावा नसून वापरकर्त्याला विचारलेला प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर सवयीने किंवा भीतीने न देता विचारपूर्वक कसे द्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : वैयक्तिक फायरवॉल, पोर्ट, राउटर, घरगुती संगणकजाळे, माहिती सुरक्षा

१. प्रस्तावना :
प्राध्यापकांचे बरेचसे काम आज घरच्या संगणकावर चालते. प्रश्नपत्रिकेचा मसुदा, अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणयाद्या, संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती हे सर्व एकाच लॅपटॉपवर साठवलेले असते. त्याच वाय-फायवर मुलांचे मोबाइल, दूरचित्रवाणी संच आणि प्रिंटरही जोडलेले असतात. अशा वेळी 'अमुक प्रोग्रॅम इंटरनेटशी संपर्क साधू इच्छितो, परवानगी द्यावी का ?' असा प्रश्न पडद्यावर उमटतो. बहुतेक जण न वाचता परवानगी देतात, तर काही जण घाबरून सर्वच नाकारतात.

प्रस्तुत लेखकाच्या एका सहकारी प्राध्यापकांनी दर काही मिनिटांनी येणाऱ्या इशाऱ्यांना कंटाळून फायरवॉलच बंद केली होती. पाहणी केली असता ते सर्व इशारे त्यांच्याच घरातील राउटरच्या नित्य संदेशांविषयीचे निघाले. त्या इशाऱ्यांत धोका नव्हता. धोका निर्माण झाला तो फायरवॉल बंद केल्यामुळे, आणि तोही परीक्षेच्या ऐन हंगामात.

२. फायरवॉलचे कार्य :
इंटरनेटवरील माहिती लहान लहान पॅकेटांच्या रूपाने प्रवास करते. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. पॅकेट संगणकातील कोणत्या सेवेसाठी आहे, हे पोर्ट क्रमांकावरून कळते. हे क्रमांक ० ते ६५५३५ असतात. पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे खोली, असे मानल्यास ही रचना सहज ध्यानात येते. आपल्या संगणकाने कोणाशी संभाषण सुरू केले आहे, याची नोंद फायरवॉल ठेवते. त्या संभाषणाचे उत्तर ती आत येऊ देते आणि अनाहूत पॅकेट अडवते.

घरातील राउटरही बाहेरून येणारी बहुतेक अनाहूत पॅकेटे आत सोडत नाही. मग वैयक्तिक फायरवॉलची गरज काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याची उत्तरे दोन आहेत. संपर्क कोणता प्रोग्रॅम साधतो आहे, हे राउटरला कळत नाही; ते संगणकातील फायरवॉललाच कळते. शिवाय, घरातील एखादे उपकरण दूषित झाल्यास त्याने शेजारच्या संगणकावर केलेला हल्ला राउटर सहसा अडवू शकत नाही.

इतिहासही हेच सांगतो. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' हा कृमी पोर्ट १३५ मधून असंख्य संगणकांत शिरला. त्यानंतर ऑगस्ट २००४ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. जून २०१७ मधील 'नॉटपेट्या' तर अंतर्गत जाळ्यातच संगणकावरून संगणकावर पसरला. मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज त्यामुळे विस्कळीत झाले होते.

३. इशाऱ्यांचे प्रकार :
(अ) बाहेरून आत येऊ पाहणारा संपर्क : संपूर्ण इंटरनेटवर उघड्या पोर्टांचा शोध अखंड चालू असतो. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये सादर केलेल्या 'झेडमॅप' या साधनाने आयपीव्ही४ पत्त्यांचा जवळजवळ सर्व अवकाश ४५ मिनिटांच्या आत तपासता येतो, हे दाखवून दिले. त्यामुळे 'संपर्क अडवला' हा इशारा बहुधा फायरवॉलने आपले काम केल्याची पोच असते. मात्र राउटरच्या मागे असलेल्या संगणकावर असे इशारे वारंवार येऊ लागल्यास, राउटरमध्ये एखादे पोर्ट मुद्दाम किंवा 'यूपीएनपी' या सोयीमुळे उघडले गेले आहे का, हे पाहावे.

(आ) उशिरा आलेले उत्तर : आपण संकेतस्थळ बंद करतो, फायरवॉल त्या संभाषणाची नोंद पुसते आणि नंतर रेंगाळलेले पॅकेट येते. फायरवॉलला ते अनाहूत वाटते. पाठवणाऱ्याचे पोर्ट ४४३ किंवा ५३ असेल आणि आपण नुकतेच इंटरनेट वापरले असेल, तर ही शक्यता सर्वाधिक असते. सेवा पुरवठादारावर हल्ल्याचा आरोप करण्यापूर्वी ही बाब तपासणे इष्ट ठरते.

(इ) घरातील उपकरणांचे संदेश : १९२.१६८, १० किंवा १७२.१६ ते १७२.३१ या अंकांनी सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखीव आहेत. प्रिंटर, दूरचित्रवाणी संच आणि राउटर एकमेकांचा शोध घेताना पोर्ट १९०० किंवा ५३५३ वापरतात. २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता तर अशा सामूहिक हाकेसाठीच आहे. पत्ता आपल्याच एखाद्या उपकरणाचा आहे, याची राउटरच्या यादीवरून खात्री करावी. अनोळखी उपकरण आढळल्यास वाय-फायचा पासवर्ड त्वरित बदलावा.

(ई) आतून बाहेर जाणारा संपर्क : सर्वाधिक लक्ष या प्रकाराकडे द्यावे. दूषित प्रोग्रॅम संगणकात शिरल्यावर माहिती बाहेर पाठवतो, ती याच मार्गाने. विंडोजची स्वतःची फायरवॉल मूळ मांडणीत बाहेर जाणारा संपर्क न विचारता जाऊ देते. स्वतंत्रपणे बसवलेल्या अनेक फायरवॉल मात्र याबाबत विचारणा करतात. विंडोजची सूचना येते ती एखादा प्रोग्रॅम बाहेरचे संपर्क स्वीकारू पाहतो तेव्हा. हा भेद ठाऊक नसल्यास सूचनेचा अर्थ उलटा लागण्याचा संभव असतो.

४. निदानाची पद्धत :
इशारा आल्यावर पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत.
१) दिशा कोणती, आत येणारी की बाहेर जाणारी ?
२) प्रोग्रॅम कोणता आणि तो कोणत्या फोल्डरमध्ये आहे ? 'एसव्हीसीहोस्ट' हा विंडोजचा अधिकृत घटक 'सिस्टिम३२' फोल्डरमध्ये असतो. तेच नाव डाउनलोडच्या किंवा तात्पुरत्या फोल्डरमध्ये दिसल्यास संशय घ्यावा.
३) पत्ता घरातील आहे की बाहेरचा ?
४) पोर्ट कोणते ? येथे सावधगिरी हवी. पोर्ट ४४३ सुरक्षित संकेतस्थळांचे असले, तरी दुष्ट प्रोग्रॅमही तेच वापरतात.
५) या क्षणी आपण काय करत होतो ? प्रोग्रॅम नुकताच अद्ययावत झाला असल्यास त्याची फाइल बदललेली असते, म्हणून फायरवॉल पुन्हा विचारू शकते. काहीच न करता अनोळखी प्रोग्रॅम बाहेर जाऊ पाहत असेल, तर ती बाब गंभीर समजावी.
या प्रश्नांनंतरही शंका उरल्यास एकदाच नकार द्यावा, कायमचा नियम करू नये. काय अडले ते पाहिल्यावर प्रोग्रॅमचे प्रयोजन पुष्कळदा स्पष्ट होते.

५. काम अडल्यास उपाय :
प्रिंटर सापडत नाही, ही नेहमीची तक्रार आहे. प्रथम विंडोजमध्ये घरचे जाळे 'पब्लिक' म्हणून नोंदले गेले आहे का, हे पाहावे. विश्वासाच्या जाळ्यासाठी 'प्रायव्हेट' हा पर्याय योग्य होय. त्यानंतर नियमांची यादी तपासावी. विंडोजच्या सूचनेवर 'रद्द करा' म्हटल्यास पुष्कळदा त्या प्रोग्रॅमसाठी अडवणुकीचा नियम तयार होतो आणि तो परवानगीच्या नियमावर मात करतो. महिन्यांपूर्वीची ती कळ विसरली जाते आणि दोष प्रिंटरला दिला जातो. लॅपटॉप राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर असल्यास किंवा दोन फायरवॉल एकाच वेळी चालू असल्यासही असेच घडते.

चाचणीसाठी फायरवॉल बंद करणे अपरिहार्यच झाले, तर आधी राउटरची इंटरनेट जोडणी काढावी, क्षणभर तपासावे आणि फायरवॉल पुन्हा चालू करावी. दोष नियमात आढळल्यास परवानगी केवळ त्या प्रोग्रॅमला व केवळ घरातील पत्त्यांपुरती द्यावी.

इशारा खरोखर संशयास्पद ठरल्यास लॅपटॉप जाळ्यापासून तोडावा, दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदलावेत आणि विषाणूंची तपासणी करावी. त्यावर विद्यार्थ्यांची माहिती किंवा परीक्षेचे साहित्य असल्यास महाविद्यालयास विनाविलंब कळवावे. संकोचामुळे होणारा उशीर मूळ घटनेपेक्षा अधिक हानिकारक ठरू शकतो.

६. निष्कर्ष :
बहुतांश इशारे निरुपद्रवी असतात आणि नेमकी हीच त्यांची अडचण आहे. निरुपद्रवी इशाऱ्यांना सरावलेला हात खऱ्या इशाऱ्यालाही तीच कळ दाबतो. म्हणून नित्याच्या इशाऱ्यांसाठी एकदाच विचारपूर्वक नियम करून त्यांची संख्या घटवावी. उरलेले थोडे इशारे मग लक्षपूर्वक वाचले जातील. फायरवॉल नोंदी ठेवते आणि प्रश्न विचारते. उत्तराची जबाबदारी वापरकर्त्याची असते. ज्यांच्या संगणकावर विद्यार्थ्यांचे गुण आणि विश्वासाने दिलेल्या मुलाखती आहेत, त्या प्राध्यापकांसाठी ही जबाबदारी केवळ तांत्रिक नसून व्यावसायिक नीतीचा भाग आहे.