हिमफलकांच्या तळाशी

कन्हान परिसरातील कोळशाच्या थरांखाली तालचीर खडक आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत व अंटार्क्टिका गोंडवनभूमीत एकत्र असताना, हिमनद्यांच्या गाळातून ते बनले. आपला बर्फ केव्हाच गेला. अंटार्क्टिकातील हिमनद्यांची टोके मात्र आजही समुद्रावर तरंगतात. त्यांना हिमफलक म्हणतात.

पश्चिम अंटार्क्टिकात या फलकांना पाणी तळातून पोखरीत आहे. हे ‘उबदार’ पाणी जेमतेम १ अंश सेल्सिअसचे. कन्हानकरांना त्याने हुडहुडीच भरेल! परंतु समुद्राचे पाणी पृष्ठभागी सुमारे उणे १.९ अंशांना गोठते, आणि खोलवर दाबामुळे हा गोठणबिंदू आणखी उतरतो. म्हणून तेवढी ऊबही पुरते. वितळलेले गोडे पाणी हलके असल्याने तळाला लगटून वर चढते व मागून नवे उबदार पाणी ओढून घेते.

तरंगता बर्फ वितळून समुद्र फारसा चढत नाही. परंतु हिमफलक हा मागील हिमनदीचा अडसर असतो. तो झिजला की थ्वेट्ससारखी हिमनदी अधिक वेगाने समुद्रात उतरते आणि पाण्याची पातळी वाढते.